नकार लिहिणारी जाऊ

आमच्या डिचोलीच्या घरात चूल एक आणि ब्लॉग दोन होते. त्यातला पहिला माझा. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकते, कारण आता ते कुणाच्याच लक्षात नाही, माझ्या नवऱ्याच्यासुद्धा.

मी मराठी शाळेत शिक्षिका होते. माहेर पेडणे तालुक्यातलं. गोवा घटक राज्य झालं तेव्हा मी शाळेत शिकत होते, आणि मराठी की कोकणी यावरून मोठी माणसं बाजारात उभ्या उभ्या भांडायची. आमच्या घरात हा प्रश्न कधी पडला नाही. बोलायचं पेडण्याच्या बोलीत, लिहायचं मराठीत. त्यामुळे पुढे ब्लॉग सुरू केला तेव्हा तोही मराठीतच लिहिला. आईच्या हातचे पदार्थ, ते कुठल्या सणाला व्हायचे, कुणासाठी व्हायचे, कुणाला वाढायचे राहून गेले आणि तो कसा रुसला, असं सगळं मी सविस्तर लिहायचे. खतखत्यावर तर इतकं लिहिलं होतं की भाज्या चुलीवर चढेपर्यंत वाचणाऱ्याला उठून जेवून यावं लागलं असतं. वाचणारे होते माझे भाऊ आणि वास्कोची आत्या. आत्या प्रत्येक लेखाखाली ‘छान’ लिहायची. कधी कधी लेख चढवल्याबरोबर लिहायची, म्हणजे वाचायच्या आधीच.

माझी धाकटी जाऊ पाळी गावात एका खाणीच्या ऑफिसात कामाला होती. खाणी बंद पडल्या, ऑफिसला टाळं लागलं आणि ती घरी बसली. दुपारची ती माझ्या मागे येऊन उभी राहायची आणि मी टाइप करताना बघायची. एक दिवस म्हणाली, “वैनी, हें कशें करतात गो?” मी दाखवलं. मास्तरीण पडले ना, कुणी काही विचारलं की शिकवल्याशिवाय राहवत नाही.

तिचा ब्लॉग सुरू झाला आणि धावायला लागला. ती लिहायची तरी काय? एक फोटो, त्याखाली दोन-चार ओळी, निम्म्या कोकणी निम्म्या मराठी, जसं बोलतो तसं. मुंबई-पुण्याला गेलेले गोंयकार, गल्फातले, कुठले कुठले लोक येऊन त्याखाली रडायचे. कुणाला तिच्या फोटोतलं आंब्याचं सांसव बघून आजीची आठवण यायची, कुणाला आपलं बंद घर आठवायचं. एकदा नवऱ्याला मोबाइलवर काहीतरी वाचून हसताना पाहिलं. डोकावले तर जावेचा ब्लॉग. पदार्थ होता बांगड्याची उडीदमेथी, आणि ती मी केलेली होती. जावेनं लपवलं नव्हतं हो. ‘आमच्या वैनीच्या हातची’ असं स्पष्ट लिहिलं होतं. वाचकांना वैनी फार आवडली. वैनीचाही ब्लॉग आहे हे मात्र कुणी विचारलं नाही आणि मी काय आपण होऊन सांगणार?

मला हेवा वाटत होता. त्याला दुसरं गोड नाव देण्यात अर्थ नाही. ती वाईट असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण ती माझ्या चहात आलं जास्त घालायची कारण मला आवडतं, पोदेर पाव घेऊन आला की माझ्यासाठी कडक उंडे निवडून ठेवायची, आणि शाळेतून यायला मला उशीर झाला की ताट झाकून बसून राहायची. अशा बाईचा हेवा करायचा म्हणजे स्वतःलाच चावण्यासारखं.

मग कंपन्यांचे मेल यायला लागले.

पहिला मेल नारळाच्या दुधाची पाकिटं विकणाऱ्यांचा होता. आमची पाकिटं पाठवतो, त्यात एक रस्सा करा, फोटो टाका, चार शब्द बरे लिहा, मोबदला देऊ. ती फोन घेऊन माझ्याकडे आली आणि मेजाशी बसली. मी वह्या तपासत होते. मी तो मेल वाचला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं, ते पुढची काही वर्षं थांबलं नाही.

“हांकां कितें बरोवचें गो वैनी?” ती म्हणाली. “नाका म्हणपाचें, पूण तांकां वायट दिसपाक फावना.”

“नाका कित्याक?”

“जें आमी घरांत हाडिनांत, तें बरें म्हूण लोकांक कशें सांगपाचें?”

एवढंच. घरात आणत नाही ते लोकांना चांगलं सांगायचं नाही, हे म्हणताना तिनं ना तोंड वेंगाडलं, ना तत्त्वाचा आव आणला. मला वाटलं, मला जर असा मेल आला असता तर मी आधी तो घरभर दाखवला असता, आत्याला फोन केला असता, एक दिवस उशाशी घेऊन झोपले असते आणि मग कुठे नाही म्हटलं असतं. हिनं भाजीवाल्याला ‘आज नाका’ म्हणावं तसं ठरवून टाकलं. वर मलाच म्हणते, “तुजें मराठी बरें. तूं बरय, हांव धाडटां.”

मी लिहून दिलं, आणि चांगलं लिहून दिलं. त्यामागे कारण आहे, आणि ते सांगायला मला पेडण्याला मागे जावं लागेल.

आमच्याकडे लग्नाच्या मागणीला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. तशी रीतच नाही. मुलीची पत्रिका जाते, मग मुलाकडची माणसं देवळात जाऊन देवाला प्रसाद लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, आणि मनात प्रश्न धरून हात जोडून उभं राहायचं. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्यामुळे नकार कुणी माणूस देत नाही, देव देतो. निरोप येतो तो एवढाच, की प्रसाद झाला नाही. मुलगी काळी आहे, हुंडा कमी आहे, बाप साधा आहे, नोकरी शाळेतली आहे, यातलं काही कुणाला बोलावं लागत नाही.

माझ्या वडिलांनी माझ्यासाठी पुष्कळ घरं पाहिली. संध्याकाळच्या बसनं ते परतायचे, चपला काढायच्या आधी पाणी मागायचे आणि तांब्या खाली ठेवून आईला म्हणायचे, “देवान प्रसाद दिलो नाय.” मी आत असायचे आणि मला सगळं ऐकू यायचं. पहिल्या-दुसऱ्या वेळी मला देवाचा राग आला. नंतर नंतर मी नकार नकारासारखे ऐकायचं सोडून ते कसे दिलेत तेच ऐकायला लागले. एका घरानं उत्तरच दिलं नाही; वडील तीनदा बसस्टँडवर त्यांच्या कुणा ओळखीच्याला गाठायला गेले, आणि तो माणूस दुसऱ्या बसमागून सटकला. दुसऱ्या एकांनी ‘सध्या नको, पुढे बघू’ म्हटलं आणि आईनं ते खरं धरून पुढचं वर्षभर वाट पाहिली. एका घरानं मात्र पत्रिका परत पाठवताना बरोबर बागेतला नारळ पाठवला. माणसं चांगली, घर चांगलं, मुलगी तर लाखात एक, पण काय करणार, देवापुढे आमचं काय चालतं? त्या घराची वडील पुढे कितीतरी दिवस तारीफ करत होते. नकार असावा तर असा, म्हणायचे. मला तो नकार सगळ्यांत जास्त लागला, कारण त्यावर रागवायलासुद्धा जागा ठेवली नव्हती.

तर नकार कसा द्यावा हे मला येत होतं, ते असं. तो दुसऱ्या बाजूनं शिकलेला होता. जाऊ मोरजीची, गोरीपान, नाकीडोळी नीटस. तिच्याकडे मागण्या रांगेनं यायच्या. तिची आई अजून हसून सांगते की हिच्यासाठी देवाला इतक्यांदा पाकळ्या लावल्या की पुजाऱ्याचा हात दुखला. तिला नकार लिहायची गरजच कधी पडली नव्हती. ते काम तिच्यासाठी देव करत आला होता आणि आता मी करत होते.

जावेसाठी लिहिताना मी ते सगळं वापरलं. उत्तर त्याच आठवड्यात द्यायचं, कुणाला बसस्टँडवर उभं ठेवायचं नाही. त्यांच्या मेलमधली एखादी खरी गोष्ट उचलून तिचे आभार मानायचे, नुसतं ‘धन्यवाद’ फेकायचं नाही. ‘पुढे बघू’ म्हणायचं नाही, कारण कुठेतरी कुणीतरी ते खरं धरून बसतं. कारण द्यायचं ते आपल्याकडचं, त्यांच्या मालात खोट काढायची नाही. आणि शेवटी त्यांचं भलं चिंतायचं. नारळाच्या दुधाला मी लिहिलं ते मला अजून पाठ आहे:

‘आपण आमच्या स्वयंपाकघराची आठवण ठेवलीत, आनंद वाटला. आपली पाकिटं अनेक घरांत आवडीनं वापरली जात असतील. आमच्या घराला मात्र नारळ फोडून खवण्याची सवय जडली आहे आणि ती सोडवत नाही. दोष आपल्या मालाचा नाही, आमच्या सवयीचा आहे. आपल्या कामाला यश येवो.’

जावेनं वाचलं आणि म्हणाली, “कितें सोबीत बरयलां गो.” कंपनीकडूनही उत्तर आलं, की असं पत्र आम्हाला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. ते उत्तर जावेच्या नावानं आलं होतं.

मग हे कायमचंच झालं. तव्यांची कंपनी, पापडांची, रिसॉर्टवाले, कसलंसं पीठ. दुपारी भांडी झाली की ती फोन घेऊन यायची, मी वह्या बाजूला सारायचे. प्रत्येक मेल वाचताना माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या आणि प्रत्येक नकार लिहिताना हात खूश असायचा. कधी कधी वाटायचं, या सगळ्यांना मीच नकार देतेय. तेवढा वेळ बरं वाटायचं. मग ती तिचं नाव घालून तो पाठवायची. माझ्या स्वतःच्या ब्लॉगच्या मेलमध्ये काय यायचं, तर बँकेची सूचना. मला फार काही नको होतं. एकदा, एखाद्या लोणचंवाल्यानं का होईना, मला विचारावं आणि मी माझं नाव घालून त्याला नाही म्हणावं. पैसे नकोत, तवा नको. नाही म्हणण्याइतकी मी कुणाला हवी असावी, एवढंच.

घाटावरच्या एका मसाल्याच्या कंपनीतली मुलगी चिवट निघाली. तिची भाषा गोड होती आणि मराठी चांगलं होतं. पहिला नकार मी नारळाच्या दुधाचाच थोडा फिरवून पाठवला, तर ती दुसऱ्या मसाल्याचं घेऊन आली. दुसरा गेला तर तिसऱ्याचं. माझ्याजवळची कारणं संपत आली. त्या दिवशी शाळेत तपासणी झाली होती, डोकं फिरलेलं होतं. मी लिहून टाकलं: ‘आपली मागणी आम्ही देवापुढे ठेवली. प्रसाद झाला नाही. देवापुढे आमचं काय चालतं?’

इथल्या कुणालाही त्यानंतर पुन्हा विचारायचं सुचलं नसतं. आमच्याकडे तो शेवटचा शब्द. पण ती मुलगी घाटावरची. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आपल्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. देवाला पुन्हा कधी विचारता येईल ते कळवावं, आम्ही थांबायला तयार आहोत. आणि कंपनीतर्फे देवाला अभिषेक करायचा असल्यास त्याची व्यवस्था कशी करावी?

मी हसून हसून बेजार झाले. नवराही हसला. जाऊ हसली नाही. ती फोन हातात धरून तशीच उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, “वैनी, आमी देवाक विचारलेंच ना न्हय?”

“अगो, म्हणपाची रीत ती.”

“पूण विचारलेंच ना. देवाचें नांव घेवन फट कशी मारूं?”

देवाच्या नावानं खोटं बोललो म्हणून ती रागवली नव्हती, नुसती कानकोंडी झाली होती. तिच्या माहेरी प्रत्येक मागणीला खरोखर पाकळ्या लागल्या होत्या, पुजाऱ्याचा हात दुखेपर्यंत. तिच्या लेखी ती नुसती म्हणायची रीत नव्हतीच. मी मात्र तिथेच मेजाला धरून थांबले. कारण मला एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा सुचली. माझ्या वडिलांना जे सांगितलं गेलं, त्यातली किती माणसं खरंच देवळात गेली होती? मी जितक्या सहज ती ओळ टाइप केली तितक्याच सहज त्या नारळवाल्या घरानंही ती म्हटली असेल. पत्रिका बघितली असेल, शिक्षिका आहे, रंग सावळा आहे, आणि बाईनं आतूनच सांगितलं असेल, की प्रसाद झाला नाही म्हणून कळवा. आणि बागेतला एक नारळ द्या बरोबर. मी इतकी वर्षं देवावर रुसून बसले होते, आणि त्या बिचाऱ्याला कुणी विचारलंसुद्धा नसेल.

जावेला यातलं काही मी सांगितलं नाही. ती हवीहवीशी मुलगी होती, तिला त्यातलं काय कळणार? मी म्हटलं, बरं, तूच बोल तिच्याशी.

तिनं फोनच लावला. मी आदोळीवर बसून नारळ खवत होते आणि कान तिकडे होते. ती कंपनीच्या मुलीला तोडक्या मराठीत सांगत होती की देवाबद्दल लिहिलेलं चुकलं, आम्ही विचारलं नव्हतं, माफ करा, पण मसाला आम्हाला नकोच. मग दोघी हसल्या. मग आईबाप, भाऊबहीण, पाऊसपाणी. फोनवर कुणाशीही तिची ओळख व्हायला वेळ लागत नाही. आणि शेवटी ती म्हणाली, “ती पत्रं मी नाही लिहीत हो, माझी मोठी जाऊ लिहिते. तिचा पण ब्लॉग आहे. माझ्यापेक्षा किती चांगला. तिला विचारा ना तुम्ही.”

माझा हात थांबला. मला तिचा राग आला, आणि त्याच क्षणी मनात उकळ्याही फुटल्या. हे दोन्ही एकदम होतं, ज्यांना झालंय त्यांना ठाऊक आहे. ती फोन ठेवून आली आणि म्हणाली, “सांगलें हांवें.” तिचा चेहरा असा उजळला होता, जणू माझी सोयरीक जमवून आली होती.

त्यानंतरचे काही दिवस मी मधल्या सुट्टीत मोबाइल बघायचे. मनात नकार तयार होता. तो आधीच्या सगळ्यांहून सुरेख होता, आणि खाली माझं नाव होतं. मी त्यात वाटणाबद्दल लिहिणार होते, आईबद्दल एक वाक्य घालणार होते. ही मुलगी चिवट आहे, तेव्हा ती पुन्हा विचारेल, मग दुसरा नकार. त्याचंही मी मनात जुळवत होते. नवरा म्हणाला, हल्ली तू खुशीत दिसतेस. मी म्हटलं, तपासणी चांगली झाली.

मेल आला तो सुट्टीच्या दिवशी सकाळी. पोदेर नुकताच येऊन गेला होता.

‘आपल्या जाऊबाईंनी आपल्या लेखनाची ओळख करून दिली, आनंद वाटला. आपले लेख अनेक घरांत आवडीनं वाचले जात असतील. आमच्या ग्राहकांना मात्र थोडक्या मजकुराची सवय जडली आहे आणि ती सोडवत नाही. दोष आपल्या लेखनाचा नाही, आमच्या सवयीचा आहे. आपल्या कामाला यश येवो.’

मी तो पुन्हा वाचला. शब्द न् शब्द माझा होता, फक्त नारळाच्या जागी मी होते. तिला चेष्टा करायची नव्हती, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिला नकार द्यायचा होता, आणि तिच्याजवळ एक चांगला नमुना होता. तो तिला जावेच्या नावानं पहिल्यांदा आला तेव्हाच तिनं जपून ठेवला असणार. मी मागणी घातली नव्हती. मला विचारलंच नव्हतं कुणी. आणि तरी मला नकार आला, तोही इतका गोड की त्यावर रागवायला जागा नव्हती. जागा मीच ठेवली नव्हती. वडील तांब्या खाली ठेवायचे तो आवाज मला अगदी स्पष्ट ऐकू आला.

जावेनं विचारलं, “आयलो मेल?” मी म्हटलं, नाही.

त्यानंतर मी तिचे नकार लिहायचं बंद केलं. शाळेचं काम वाढलंय म्हणून सांगितलं. तिला वाईट वाटलं, पण तिनं हट्ट केला नाही. मला वाटलं होतं, आता कळेल हिला. आता हिला दुपारभर शब्द शोधत बसावं लागेल, चार चुका होतील, एखादी कंपनी रागवेल, आणि ही मुकाट्यानं माझ्याकडे येईल. मी वाटच बघत होते म्हणा ना.

तसं काही झालं नाही. एका दुपारी तिच्या खांद्यावरून मी डोकावले. कुठल्याशा तेलाच्या कंपनीला ती लिहीत होती. लिहून झालंही होतं.

‘आमकां नाका. देव बरें करूं.’

एवढंच. ना आनंद वाटला, ना सवय जडली. तिनं ते पाठवून दिलं आणि कांदा चिरायला घेतला. मी दिवसभर मनात म्हणत होते, हे उद्धट आहे, आता बघा. संध्याकाळी तेलवाल्याचं उत्तर आलं. बिचारे गोंयकारच निघाले. ‘देव तुमचेंय बरें करूं,’ असं लिहून वर हसरा चेहरा टाकला होता. पुढेही तिनं सगळ्यांना हेच लिहिलं. घाटावरच्यांना ‘नाका’च्या जागी ‘नको’. कुणाला वाईट वाटलं नाही. कुणी पुन्हा छळलं नाही. जिला लहानपणापासून सगळे विचारत आलेत तिचा नकार एवढा छोटा असू शकतो, आणि तो कुणाला लागत नाही. माझी ती सगळी कारागिरी, माझे आभार, माझ्या सवयी, माझं यश चिंतणं, त्यातलं काहीच लागत नव्हतं. हे पाहून मला जो मत्सर वाटला तसा तिच्या वाचकांचा, तिच्या रंगाचा, तिच्या मोरजीच्या मागण्यांचाही कधी वाटला नव्हता.

मसाल्याच्या त्या मुलीचा मेल नंतर बऱ्याच दिवसांनी आला. थेट मला, माझ्या नावानं, वर आदरानं ‘मॅडम’. मी शाळेतून नुकतीच आले होते, पर्स खांद्यालाच होती.

तिनं लिहिलं होतं की कंपनीकडे हल्ली रोज ब्लॉगवाल्यांचे मेल येतात, आमच्याबरोबर काम करा, आमच्याकडे माल पाठवा. त्या सगळ्यांना नकार द्यावा लागतो आणि तो कुणाला लागू नये अशी साहेबांची इच्छा आहे. आपली पत्रं ऑफिसात सगळ्यांना आवडतात, आम्ही ती समोर ठेवूनच लिहितो. तर असे नकार आमच्यासाठी नियमित लिहून द्याल का? योग्य तो मोबदला देऊ. आपल्यासारखं हे कुणालाच जमत नाही.

मी खुर्चीत बसले. अखेर मला मागणी आली होती. माझं नाव घालून, माझ्या गुणासाठी, मान देऊन आली होती. ज्यांना माझं खतखतं नको होतं त्यांना माझा नकार हवा होता. आणि मी बसून कुणासाठी लिहायचं होतं, तर माझ्यासारख्यांसाठी. कुठेतरी एखादी बाई आईच्या पदार्थांबद्दल लांबलचक लिहीत असेल, तिचं वाचणारी एखादी आत्या असेल, ती धीर करून एक मेल पाठवेल, आणि तिला मी गोड शब्दांत सांगायचं की दोष आपल्या लेखनाचा नाही. तिला रागवायलासुद्धा जागा ठेवायची नाही.

मी उत्तर लिहिलं. विचार केला नाही, कच्चं केलं नाही, वाक्य फिरवून बघितलं नाही. पाठवून झाल्यावर पर्स काढून ठेवली.

जाऊ चहा घेऊन आली. तिनं कप मेजावर ठेवला आणि पडद्याकडे बघितलं. वरचा लांबलचक मेल तिनं सावकाश वाचला, मग खालचं माझं उत्तर. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघत होते तो माझा पहिला नकार, माझ्या नावानं दिलेला:

‘मला नको. देव बरें करूं.’

“वैनी,” ती म्हणाली, “हें म्हजें न्हय?”

“तुजेंच,” मी म्हटलं, आणि आल्याचा चहा प्यायला घेतला.